वरचे दोघे काका आणि एक कागद

गेल्या महिन्यात आपण वारस आणि नॉमिनी यांतला फरक समजून घेतला. त्यानंतर एका गटातून प्रश्न आला, "ताई, ज्यांचं लग्नच कायद्यात बसत नाही, त्यांचा वारस कोण?" प्रश्न वाचून आम्ही समन्वयक जरा थबकलो. विचारणाऱ्या ताईंना फोन केला, तेव्हा सगळी हकीकत कळली.

या ताईंची बहीण लालबागला एका जुन्या चाळीत राहते. वरच्या मजल्यावर दोन पुरुष बावीस वर्षं एका खोलीत राहत होते. मोठे आधी गिरणीत होते, नंतर वॉचमन. धाकटे दादरच्या फुलबाजारात हार-वेण्या विकतात. चाळीत त्यांना 'वरचे दोघे काका' म्हणायचे. गणपतीत आरतीला दोघं पुढे, संकष्टीचा उपवास कडक, कुणाकडे मयत झालं तर खांदा द्यायला पहिले. कुणी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊक मात्र होतं.

मोठे काका आजारी पडले. परळच्या एका रुग्णालयात अर्ज भरताना 'रुग्णाशी नातं' या रकान्यापाशी धाकटे काका अडले. शेवटी 'भाऊ' लिहिलं. आडनावं वेगळी, म्हणून खिडकीवर पुन्हा विचारणा झाली. महिन्याभरात मोठे काका गेले. तेराव्यानंतर गावाकडून पुतण्या आला आणि म्हणाला, खोली काकांच्या नावावर होती, आता ती आमची. बावीस वर्षांचा संसार, पण तो संसार होता असं सांगणारा एक कागद नाही.

मैत्रिणींनो, आजचा विषय हाच कागद. आपल्यातल्या काहींना हे ऐकायला अवघड वाटेल. तरी शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

आधी शब्द समजून घेऊ

पुरुषाला पुरुषाची किंवा बाईला बाईची ओढ वाटते, अशा माणसांना समलिंगी म्हणतात. तृतीयपंथी वेगळे, समलिंगी वेगळे. समलिंगी असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच ते आजारांच्या यादीतून काढलं. आपल्याकडे मात्र 1860 च्या इंग्रजी अमदानीतल्या दंडसंहितेचं कलम 377 होतं आणि त्यामुळे असे संबंध गुन्हा ठरत. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून मोकळं केलं. म्हणजे आता गुन्हा नाही. पण 'गुन्हा नाही' आणि 'नातं मान्य आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धाकटे काका नेमके या दोहोंच्या मध्ये अडकले.

दुसरा शब्द सिव्हिल युनियन. याचा साधा अर्थ, सरकारदरबारी नोंदवलेली सोबत. त्यात भटजी, सप्तपदी, मंगळसूत्र यांचा संबंध नाही. दोन सज्ञान माणसं सांगतात की आम्ही एकमेकांची जबाबदारी घेतो, आणि सरकार ते दप्तरी लिहून घेतं. मग दवाखान्यातली सही, पेन्शन, वारसा, घर हे त्यातून ठरतं. डेन्मार्कने 1989 मध्ये अशी नोंद जगात पहिल्यांदा सुरू केली.

परंपरा मानणारेच हे मागतात, ते का?

आम्हालाही वाटायचं, ही मागणी शहरातल्या, रूढी मोडायला निघालेल्या मुलांची. माहिती घेत गेलो तसं दिसलं की घर, देव, नातीगोती धरून राहणारी माणसंही यात आहेत. त्यांना संसार मोडायचा नाही, त्यांना तो नोंदवायचा आहे.

मुंबईचे पत्रकार अशोक राव कवी यांचं उदाहरण घ्या. तरुणपणी ते रामकृष्ण मिशनमध्ये धर्माचं शिक्षण घेत होते. 1986 मध्ये एका मासिकातून त्यांनी आपण समलिंगी असल्याचं उघड सांगितलं. 1990 मध्ये त्यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं आणि 1994 मध्ये सहकाऱ्यांसोबत 'हमसफर ट्रस्ट' उभारला. मुंबईत 'क्वीअर हिंदू अलायन्स' नावाचा गटही आहे. आपल्या धर्मपरंपरेत आम्हाला जागा आहे, ती बाहेरून आणायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

हा वाद मुंबईला नवाही नाही. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत, त्यात समलिंगी संबंधांवरचे प्रश्नही असत. त्याबद्दल 1934 मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांचं वकीलपत्र घेतलं बाबासाहेब आंबेडकरांनी, जे परळच्या चाळीत राहिले आणि पुढे दादरच्या राजगृहात. खटला हरला, पण बोलणं थांबलं नाही. 16 ऑगस्ट 2008 रोजी ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीपर्यंत समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांनी मोर्चा काढला. आपले दोघे काका अशा मोर्चात कधी गेले नाहीत. धाकटे काका ताईंच्या बहिणीला म्हणाले, "मला मिरवायचं नाही गं. मला फक्त कागद हवा होता."

समलिंगी माणसांतही एकमत नाही. काही म्हणतात, लग्नाच्या चौकटीत बायकांनी काय सोसलं ते बघा, तीच चौकट आपण कशाला मागायची? हा प्रश्न आपल्यालाही पटण्यासारखा आहे. दुसरे म्हणतात, चौकट नको असेल त्याने घेऊ नये, पण दार तरी उघडं असू द्या.

परंपरा मानणाऱ्यांतही दोन बाजू आहेत. जानेवारी 2023 मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी एका मुलाखतीत जरासंधाच्या हंस आणि डिंभक या दोन सेनापतींचा दाखला दिला आणि अशा माणसांनाही समाजात जागा असली पाहिजे असं मत मांडलं. मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी विवाह हा स्त्री-पुरुषांचाच संस्कार आहे, अशी भूमिका घेतली. म्हणूनच काही जण 'विवाह' या शब्दावर अडून न बसता नोंदणीचा मधला रस्ता सुचवतात.

बाहेरच्या देशांतही असं घडलं आहे. अमेरिकेतल्या रिपब्लिकन या परंपरावादी पक्षातल्या समलिंगी लोकांनी 1977 मध्ये कॅलिफोर्नियात गट बांधायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये 2004 साली आधी नागरी जोडीदारीचा कायदा झाला. 2011 मध्ये हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून पक्षाच्या अधिवेशनात म्हणाले की, मी परंपरावादी आहे म्हणूनच समलिंगी विवाहाच्या बाजूने आहे. माणसं एकमेकांना बांधून राहतात तेव्हा समाज घट्ट होतो, हा त्यांचा मुद्दा. त्यांच्या पक्षातल्या खासदारांत यावरून उभी फूट पडली, पण 2013 मध्ये कायदा झाला.

न्यायालयाने काय सांगितलं?

17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. समलिंगी विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही जणांचं एकमत झालं. सिव्हिल युनियनच्या मुद्द्यावर मात्र दोन विरुद्ध तीन अशी फूट पडली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल नोंदणीच्या बाजूने होते, तिघे विरुद्ध. तिघांचं म्हणणं असं की, असा कायदा करणं हे लोकप्रतिनिधींचं काम आहे.

म्हणून आता सगळी धाव खासदार-आमदारांकडे आहे. त्याआधी, 1 एप्रिल 2022 रोजी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 1954 च्या विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. पण मैत्रिणींनो, 1970 नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. मग ते मांडायचं कशाला? तर विषय सभागृहाच्या कागदावर येतो. ग्रामसभेत आपला ठराव पहिल्या वेळी मंजूर होत नाही, पण इतिवृत्तात नोंद झाली की पुढच्या वेळी कुणाला 'हे कधी ऐकलंच नाही' असं म्हणता येत नाही. तसंच हे.

विवाहाचा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या सामायिक यादीत आहे, म्हणजे आपल्या विधिमंडळालाही त्यावर बोलता येतं. 2023 मध्ये केंद्राने राज्यांचं मत मागवलं, तेव्हा राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसामने विरोध कळवला, महाराष्ट्राने वेळ मागून घेतला.

आज हातात काय आहे?

निकालाच्या वेळी केंद्राने समिती नेमण्याचं आश्वासन दिलं होतं. एप्रिल 2024 मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली ती झाली. त्याच वर्षी काही पत्रं निघाली. समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले माना, असं राज्यांना कळवलं. जोडीदारासोबत बँकेत संयुक्त खातं उघडता येतं आणि त्याला नॉमिनी करता येतं, हे अर्थखात्याने स्पष्ट केलं. जवळचे नातलग नसतील तर अंत्यसंस्कारासाठी मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात द्यावा, असं आरोग्य खात्याने राज्यांना लिहिलं. सप्टेंबरमध्ये सरकारने लोकांकडून सूचनाही मागवल्या. पण पत्र म्हणजे कायदा नव्हे. शासन निर्णय हातात असूनही टेबलावर काय उत्तर मिळतं, ते आपल्याला पाठ आहे.

आता धाकट्या काकांच्या खोलीकडे येऊ. गिरगाव, लालबाग, परळच्या जुन्या चाळींत कितीतरी खोल्या पागडीच्या आहेत, म्हणजे जुन्या भाडेकराराच्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 सांगतो की भाडेकरू गेला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला, आणि तसा कुणी नसेल तर वारसाला, हक्क मिळतो. कुटुंबीय म्हणजे कोण? बावीस वर्षं एका चुलीवर जेवलेला माणूस त्यात बसतो का? कायदा हे नाव घेऊन सांगत नाही. मृत्युपत्र केलं असतं तर? दागिने, बचत, मालकीचं घर मृत्युपत्राने देता येतं. पण भाड्याच्या घराचा असा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात सांगितलं आहे. म्हणजे शहाणपणाने सगळे कागद केले असते, तरी खोलीचा प्रश्न उरलाच असता. तो फक्त नोंदणीचा कायदा सोडवू शकतो.

शेजारच्या नेपाळमध्ये 29 नोव्हेंबर 2023 रोजी लमजुंग जिल्ह्यातल्या दोर्दी गावपालिकेने अशा एका जोडप्याचं लग्न नोंदवलं. राजधानीत नव्हे, डोंगरातल्या गावपालिकेत.

यात आपलं काय?

एका ताईंनी बैठकीत विचारलंच, "हे मुंबईचं. आपल्या गावात कशाला?" तेव्हा कोपऱ्यातली एक मैत्रीण पहिल्यांदा बोलली. तिचं लग्न लागलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. नवऱ्याचा ओढा पुरुषांकडे होता. त्याने घरी सांगायचा प्रयत्न केला होता, पण 'लग्न झालं की ठीक होईल' म्हणून त्याला बोहल्यावर उभं केलं. सहा वर्षं तिला 'वांझ' म्हणून टोमणे बसले. ती म्हणाली, "तो वाईट नव्हता. त्याला त्याचं घर मांडू दिलं असतं, तर माझं मोडलं नसतं."

बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

मैत्रिणींनो, आपण एवढं तरी करू शकतो. मुलगा किंवा मुलगी लग्नाला नको म्हणत असेल तर आधी कारण ऐकून घेऊ, आणि लग्न हे औषध म्हणून कुणाला देणार नाही. आपल्या गटात अशी एखादी सखी असेल, तर तिचं गुपित चहाच्या टपरीवर जाणार नाही याची हमी देऊ. संयुक्त खातं, नॉमिनी, मृत्युपत्र यांची माहिती जशी आपण एकल महिलांना देतो, तशीच तिलाही देऊ. आणि आमदार-खासदार मतं मागायला येतील तेव्हा रस्ता, पाणी यांच्यासोबत हाही प्रश्न विचारता येईल: सोबत राहणाऱ्या माणसाच्या हक्काचं तुम्ही काय ठरवलंत?

धाकटे काका सध्या त्याच खोलीत आहेत. चाळीतल्या पंधरा बिऱ्हाडांनी सह्या करून दिल्या आहेत की हे दोघं एकाच घरात, एकाच चुलीवर राहत होते. कोर्टात त्या सह्यांचं काय होईल ते पुढे कळेल. पहिली सही ताईंच्या बहिणीची आहे.

तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे आपल्या गटाच्या वहीतून आमच्याकडे पाठवा. नाव लिहिलं नाही तरी चालेल. पुढच्या कार्यक्रमात मृत्युपत्र घरच्या घरी कसं लिहायचं ते पाहू. नमस्कार.