घशाची फिर्याद

आश्विन सरत आला, दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरची भांडी, अडगळीतल्या वळकट्या आणि भिंतीवरच्या तसबिरी झाडझुडीसाठी खाली उतरू लागल्या, की पुष्कळ घरांतून एक कोरडा, खरखरीत आवाज ऐकू येऊ लागतो. तोंड मिटलेले ठेवून, जिभेचे मूळ टाळूवर दाबून, ते खसकन मागे ओढीत तो काढलेला असतो. घसा दुखतो काय म्हणून विचारावे, तर आवाज काढणारा मान हलवितो. ताप नाही, गिळताना त्रास नाही, कफही नाही. केवळ आत, बोट पोहोचणार नाही अशा ठिकाणी, खाज सुटलेली असते. सर्दीपडशाबरोबर येणारी आणि आठवड्याभरात जाणारी खवखव निराळी. तिला कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि थोडा धीर एवढे पुरते. नीट न शिजलेल्या अळूने किंवा सुरणाने सुटणारी खाजही निराळी; ती त्या कंदपानांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांची असते आणि चिंच किंवा आमसूल घालण्याचा आपल्या स्वयंपाकघरातला रिवाज तिच्या बंदोबस्तासाठीच आहे. परंतु महिनोन्‌महिने ठाण मांडून बसणाऱ्या खाजेवर जेवढे उपचार होतात तेवढा तिचा तपास होत नाही, असे माझे मत आहे. अशा खाजेत घसा बहुधा नुसती फिर्याद नोंदवितो. मूळ गुन्हा नाकाच्या, जठराच्या, कानाच्या, फार काय औषधाच्या डबीच्या हद्दीत घडलेला असतो.

जिवंत माणसाचा कंठ आतून पाहण्याची सोय झाली ती एका गायनशिक्षकामुळे. मान्युएल गार्सिया याने 1854 साली दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा स्वतःच्या घशात धरून, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडून, आपल्या स्वररज्जूंची हालचाल पाहिली आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तिचा वृत्तान्त ठेविला. आज नाकावाटे आत जाणारी बारीक, लवचिक दुर्बीण हेच काम दोनचार मिनिटांत करिते. तथापि, खाजेची तक्रार घेऊन आलेल्या रोग्याच्या घशात तिला पुष्कळदा किंचित लालीखेरीज काही सापडत नाही, आणि ‘काही नाही’ हे शब्द कानी पडताच रोगी एक तर नाराज होतो किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो.

सर्वांत मोठा संशय नाकावर घ्यावा. घरातील धुळीने शिंका येतात हे पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु त्या धुळीत नेमके काय बाधते याचा उलगडा 1964 साली हॉलंडमधील लायडन येथे फोरहोर्स्ट आणि त्यांचे सहकारी यांनी केला. मिलिमीटरच्या तृतीयांशाएवढा, डोळ्यांना न दिसणारा, कोळ्याच्या गोत्रातला एक जीव गादीत, उशीत आणि गोधडीत राहतो, आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो, आणि त्याच्या विष्ठेतील प्रथिनांविरुद्ध काही माणसांचे शरीर विनाकारण हत्यार उपसते. त्या झटापटीत हिस्टामीन नावाचे द्रव्य सुटून नाक, डोळे, टाळू आणि घसा यांतील मज्जातंतूंची टोके चेतविली जातात, तीच ही खाज. हा जीव पाणी पीत नाही, हवेतला ओलावाच शोषून घेतो. म्हणून आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने त्याच्या भरभराटीचे असतात, आणि त्याने मागे ठेविलेला सारा मुद्देमाल दिवाळीच्या साफसफाईत आपण कोरड्या केरसुणीने हवेत उडवितो. ज्या मुलाला हा विकार आहे ते तळहाताने नाकाचा शेंडा वारंवार वर ढकलीत असते, आणि कालांतराने नाकाच्या हाडाखाली एक बारीक आडवी रेघ उमटते. जाणता डॉक्टर तोंड उघडायला सांगण्याआधी ती रेघ पाहतो.

इलाज साधा असला तरी चिकाटीचा आहे. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, पलंगपोस आणि अभ्रे आठवड्यातून एकदा हाताला सोसणार नाही इतक्या, म्हणजे सुमारे 60 अंश सेल्सियसच्या पाण्यातून काढावे, आणि ज्याला त्रास आहे त्याला झाडझुडीच्या दिवशी घराबाहेर धाडावे. या शेवटच्या सवलतीचा गैरफायदा घेणारे पुरुष मी पाहिले आहेत, पण त्याला इलाज नाही. नाकात मारावयाचा स्टिरॉइडचा फवारा बेताच्या मात्रेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने, निर्धोक असतो. मात्र त्याचा पुरता अंमल दिसण्यास दोन आठवडे लागू शकतात आणि बहुतेकांचा धीर चौथ्या दिवशीच सुटतो. फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूस, डोळ्याच्या रोखाने मारावा, एरवी रक्त येते. हिस्टामीनविरोधी गोळ्यांपैकी जुनी क्लोरफेनिरामाइन झोप आणते. लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या नव्या गोळ्यांनी ती फारशी येत नाही. ज्याला दिवसभर वाहन हाकावयाचे आहे त्याने हा फरक आवर्जून विचारून घ्यावा.

घराबाहेरही संशयितांची वाण नाही. 1955च्या सुमारास पुण्याच्या परिसरात नजरेस आलेले आणि आज देशभर माजलेले गाजरगवत हे त्यांतले एक. परदेशी धान्याबरोबर त्याचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच्या स्पर्शाने कातडीवर पुरळ उठते आणि परागांनी नाकघसा बेजार होतो. ते उपटावयाचे तर फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून आणि तोंडाला फडके बांधून उपटावे.

आता औषधाच्या डबीकडे वळू, कारण या प्रकरणाइतके चमत्कारिक आणि इतके दुर्लक्षित प्रकरण दुसरे नाही. ब्राझीलमधील जराराका नावाच्या सर्पाच्या विषात ब्रॅडिकायनिन या शरीरातील द्रव्याचा प्रभाव वाढविण्याचा गुण आहे, असे सेर्जिओ फेरेरा या शास्त्रज्ञाने 1965 साली दाखविले. त्या धाग्यावरून रक्तदाब उतरविणारे कॅप्टोप्रिल हे औषध सिद्ध होऊन 1981 साली बाजारात आले, आणि पाठोपाठ एनालाप्रिल, रामिप्रिल अशी त्याची भावंडे आली. लाखो लोकांचे हृदय आणि मूत्रपिंडे या औषधांनी सांभाळली आहेत, यात शंका नाही. परंतु तेच ब्रॅडिकायनिन श्वासमार्गात साचून शंभरांतील पाचांपासून विसांपर्यंत रोग्यांच्या घशात खाज आणि कोरडा खोकला उत्पन्न करिते, आणि ही तक्रार औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उद्भवत असल्यामुळे दोहोंचा संबंध कोणाच्याच ध्यानी येत नाही. असा एक गृहस्थ कल्पावा: घसा खवखवतो म्हणून तो दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी चघळतो. आता ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन हे द्रव्य नित्य पोटात गेल्यास शरीरात मीठ-पाणी साठून रक्तदाब वाढतो. तो वाढलेला पाहून गोळीची मात्रा वाढते, खाज तशीच राहते, आणि बिचारा आणखी कांड्या आणवितो. अशा वेळी गोळी स्वतःच्या अखत्यारात बंद करू नये. डॉक्टरांस विचारून ‘सार्टन’ वर्गातील औषध घ्यावे, म्हणजे महिनाभरात, क्वचित तीन महिन्यांत, खाज निमूटपणे निघून जाते. कॅप्टोप्रिल आणि त्याच्या भावंडांनी ओठ किंवा जीभ सुजू लागली तर मात्र महिन्याची वाट न पाहता तडक इस्पितळ गाठावे.

जठराची आगळीक अधिक बेमालूम असते. छातीत जळजळ नसतानाही आम्लरस रात्री कंठापर्यंत चढू शकतो, आणि सकाळी उठल्यावर घशात काही अडकल्यासारखे वाटते. रात्री उशिरा चकली-चिवड्याचा समाचार घेऊन लगेच आडवे होणाऱ्यांनी जेवण आणि निद्रा यांत तीन तासांचे अंतर ठेवावे, आणि पलंगाच्या उशाकडील पायांखाली सहाएक इंचांचे ठोकळे द्यावे. दोन उशा घेतल्याने पोट दुमडते आणि उलटाच परिणाम होतो. खाकरण्याची सवयही मोडावी. प्रत्येक खाकरण्यात स्वररज्जू एकमेकींवर आदळतात, त्यांना सूज येते आणि ती सूज पुन्हा खाकरावयास लावते. उबळ आली की पाण्याचा एक घोट घ्यावा.

कानाचा दोष विरळा, पण विसरू नये असा. कानाच्या नळीत व्हेगस या मज्जातंतूची एक शाखा पोहोचते आणि हाच मज्जातंतू घशालाही सांभाळतो. म्हणून साचलेल्या मळाने किंवा काडीने कान कोरल्याने कित्येकांना घशात गुदगुली होऊन ठसका लागतो.

तंबाखू, विडी आणि आपल्याकडील बायकांत अजून चालू असलेली मिश्री यांविषयी मात्र मुलाहिजा ठेवण्याचे कारण नाही. यांपैकी काहीही वापरणाऱ्याचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसला, गिळताना घास अडू लागला, मानेत गाठ लागली, एकाच कानात ठणका राहिला, थुंकीत रक्त दिसले किंवा कारणावाचून वजन घटले, तर गुळण्या आणि काढे बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जावे. व्यसन नसलेल्यानेही ही लक्षणे अंगावर काढू नयेत. आणि एखादा पदार्थ खाताच किंवा इंजेक्शन घेताच घसा खाजून अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडू लागला, तर तो तासांचा नव्हे, मिनिटांचा प्रश्न असतो. तेथे ॲड्रिनालिनची सुई हाच इलाज आहे. बाकीच्यांनी डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, काढ्याचूर्णांच्या पुड्यांसकट, पिशवीत घालून न्यावी, आणि खाज रात्री अधिक की सकाळी, घरी की कचेरीत, याची चार ओळींची नोंद सोबत ठेवावी.