'अपघात' हा शब्द आणि खाणकामगाराचे फुप्फुस

'अपघात' या शब्दात 'हन्' धातू आहे; आघात, आणि तोही अवचित होणारा, हा त्याच्या अर्थाचा गाभा होय. 'रोग' हा शब्द 'रुज्' धातूवरून आला. मराठी भाषक या दोन शब्दांची सहसा गल्लत करीत नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने मात्र अनुसूचीत नमूद केलेला व्यवसायजन्य रोग हा 'अपघाताने झालेली इजा' मानण्यात येईल, असे ठरविले. कायद्यातील अशा 'मानण्यास' विधिकल्पित म्हणतात.

या कल्पिताचा हेतू निःसंशय कामगारहिताचा होता. अधिनियमाची सारी रचनाच अपघातावर उभी असल्यामुळे, चंद्रपूर वा यवतमाळच्या कोळसाखाणीत किंवा भंडाऱ्याच्या मँगनीज खाणीत वर्षानुवर्षे धूळ ओढणाऱ्या माणसास दुसऱ्या वाटेने आत घेता आले नसते. तिसऱ्या अनुसूचीच्या 'क' भागात खनिज धुळीने होणारे सिलिकोसिसादी रोग आले. (नांदुऱ्यासारख्या कापसाच्या पेठेत खाणी नाहीत; परंतु कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा रोगही याच भागात नोंदलेला आहे.)

अडचण पुढेच आहे. अपघातास तारीख असते. रोगास ती कोठून आणावयाची? कलम 10 ने दाव्यास अपघातापासून दोन वर्षांची मुदत घातली, आणि मग रोगासाठी तारखाही कल्पाव्या लागल्या. रोगजन्य असमर्थतेमुळे कामगार सलग गैरहजर राहू लागला, तर त्यातील पहिला दिवस हा अपघाताचा दिवस. अंशतः असमर्थता येऊनही तो कामावर जातच राहिला, तर मालकास सूचना दिल्याच्या दिवसापासून मुदत मोजावयाची. आणि नोकरी सुटल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणे उद्भवली, तर ती प्रथम आढळली तो दिवस.

शेवटच्या तरतुदीतील ती 'दोन वर्षे' विशेष ध्यानात घ्यावयास हवीत. सिलिकोसिसचा नेहमीचा प्रकार दहा वा अधिक वर्षांच्या संपर्कानंतर प्रकट होतो, आणि धुळीपासून दूर गेल्यावरही तो वाढू शकतो. खाण सोडून पाच वर्षांनी गावी धाप लागू लागलेल्या माणसाचा रोग वैद्यकास व्यवसायजन्य दिसतो, पण या तरतुदीच्या शब्दांत त्याचा 'अपघात' बसत नाही. विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्तास होता, हे खरे. तथापि हक्क आणि माफी यांत अंतर आहे, आणि ते अंतर ओलांडण्याचे ओझे धाप लागलेल्या माणसावरच पडत असे.

तारखेचा परिणाम रकमेवरही होई. कायम व पूर्ण असमर्थतेस मासिक वेतनाच्या 60 टक्क्यांस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणीत. हा गुणक सोळाव्या वर्षापर्यंत 228.54, तर पासष्टीस 99.37 असे. रोग जितका संथ, तितकी रक्कम उणी.

नोव्हेंबर 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 अमलात आली. व्यवसायजन्य रोगांची तिसरी अनुसूची तीतही आहे, आणि रोगास 'अपघाताने झालेली इजा' मानण्याची रीतही.