परसातील सेलरी : पेरणीची वेळ साधावी

सेलरी ही कोथिंबीर व ओवा यांच्या कुळातील थंड हवामानाची भाजी होय. तिचे जाड, रसाळ देठ व पाने सूप आणि कोशिंबिरीत वापरतात. परसात ती लावून पाहणाऱ्या पुष्कळांच्या हाती दोऱ्यासारखे चिवट, कडवट देठ येतात, आणि दोष बियाण्याच्या माथी मारला जातो. बहुधा चूक पेरणीच्या वेळेची असते.

कोबीची रोपे महिना-सव्वा महिन्यात लावणीस येतात. सेलरीच्या रोपास सुमारे अडीच महिने लागतात, व लावणीनंतर देठ भरण्यास आणखी तीन. थंडीची चाहूल लागल्यावर, कार्तिकात, बी टाकले तर पीक चैत्र-वैशाखाच्या उन्हात सापडते. शिवाय 10 अंश सेल्सिअसखालील थंडी दोन आठवडे सोसलेली झाडे पुढे ऊब मिळताच फुलोऱ्यावर येतात व देठ वाया जातात. म्हणून देशावर बी ऑगस्टच्या मध्यास टाकावे. म्हणजे लावणी ऑक्टोबरअखेर व काढणी जानेवारीअखेर साधते. कोकणच्या उबदार, दमट हवेत हा खटाटोप न केलेलाच बरा.

बी अतिशय बारीक असून 1 ग्रॅममध्ये 2,000 हून अधिक दाणे भरतात. उगवणीस उजेड लागत असल्याने ते मातीत गाडू नये. पसरट कुंडीत चाळलेली माती, कुजलेले शेणखत व वाळू समभाग भरून त्यावर बी वाळूत मिसळून पसरावे आणि तळहाताने हलके दाबावे. झारीच्या पाण्याने बी वाहून जाते. त्याऐवजी कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी, नंतर बाहेर काढावी. पावसाचा मारा लागणार नाही अशा उजेडाच्या पडवीत ती ठेवावी. उगवणीस दोन ते तीन आठवडे लागतात. ग्रामसेवकांनी हे आधीच सांगून ठेवावे. दहाव्या दिवशी कुंडी उपडी करणारे लोक थोडे नाहीत!

दोन-तीन खरी पाने फुटताच रोपे दुसऱ्या खोक्यात 5 सें.मी. अंतरावर हलवावीत. 12 ते 15 सें.मी. उंचीची झाल्यावर सायंकाळी वाफ्यात लावावीत. मधला कोंब मातीखाली जाऊ देऊ नये. एका कुटुंबास 1 मीटर लांब-रुंद वाफा पुरतो. त्यात 6 ते 7 किलो कुजलेले शेणखत मिसळून 25 सें.मी. अंतरावर 16 रोपे बसवावीत.

मुळे उथळ असल्यामुळे पाण्यात खंड पडता कामा नये. माती एकदा कोरडी पडून देठ चिवट झाले, की मागाहून कितीही पाणी दिले तरी ते पुन्हा कोवळे होत नाहीत. झाडांभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी चालते, मोरीतील साबणाचे नको. मावा दिसल्यास 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा.

संपूर्ण झाड उपटण्याची घाई नसावी. लावणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी बाहेरचे देठ बुडाशी कापून लागतील तसे घ्यावेत. आतून नवे फुटत राहतात.