चिप मोजून घ्या

४ जुलै १९९३ला जपानच्या शिकोकू बेटावर, निइहामा गावातल्या सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवर जे काळं कवच असतं त्याला लागणारं इपॉक्सी रेझिन तिथे बनायचं, आणि जगातला त्याचा निम्म्याहून जास्त पुरवठा त्या एका कारखान्यातून व्हायचा. काही आठवड्यांत मेमरीचे भाव जगभर भडकले. खरं तर साठा पुरेसा होता आणि टंचाईपेक्षा तिची भीतीच मोठी ठरली. पण भीतीनेही भाव चढतातच. आपल्याकडे तेव्हा सीमाशुल्क भरमसाट, त्यावर ही भर. मुंबईचा लॅमिंग्टन रोड काय (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडी अजून लॅमिंग्टनच) पुण्यातली तपकीर गल्ली काय, संगणकाच्या भागांच्या या बाजारांत रॅम ही सोन्यासारखी रोज भाव विचारून घ्यायची वस्तू झाली.

तरीही लोक घेत होते, कारण दुसरा इलाज नव्हता. मेमरी कमी पडली की विंडोज हार्ड डिस्कचाच एक तुकडा मेमरी म्हणून वापरायला लागतं. रॅममधून माहिती काढायला नॅनोसेकंद लागतात, फिरत्या तबकडीवरून काढायला मिलिसेकंद. म्हणजे फरक लाखपटीचा. कॅबिनेटवरचा लाल दिवा पेटलेलाच राहतो, आतून खरखर येत राहते आणि माणूस माउस सोडून चहाला जातो. दिवाळी अंकाच्या दिवसांत संगणकावर पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्यांकडे हे दृश्य ठरलेलं असे. पेजमेकरमध्ये श्री-लिपी फॉन्टातला मजकूर, त्यात दोनचार स्कॅन केलेली चित्रं, की पान उलटलं तरी पडदा वरून खाली सावकाश रंगत यायचा. मालक वैतागायचा आणि मशीन बघायला येणारा पोरगा एकच औषध सांगायचा: रॅम टाका.

टाकायची कशी, हा प्रश्न मात्र साधा नव्हता. ४८६ प्रोसेसरच्या मशीनमध्ये चार एमबी म्हणजे बहुधा एक एमबीच्या, तीस पिनांच्या चार स्टिक. अशी एक स्टिक एका वेळी आठ बिट द्यायची आणि ४८६ला बत्तीस लागायचे, त्यामुळे वाढवायचं तर चारांचा संच. बोर्डावर आठ स्लॉट असले तर आणखी चार लावायच्या. चारच असले तर जुन्या काढून दुकानदाराला पडेल त्या भावाने द्यायच्या. स्टिक तिरकी घालून अंगठ्यांनी हळूच उभी करायची, की दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् करून बसतात. स्वस्त बोर्डांवर त्या खिट्ट्या प्लॅस्टिकच्या असत. काढघाल जास्त झाली की एखादी मोडायची आणि तिथली स्टिक कायमची डुगडुगत राहायची. मशीन चालू केल्यावर काळ्या पडद्यावर मेमरी केबीत मोजणारा आकडा भराभर चढायचा. तो आठ हजारांच्या आसपास जाऊन थांबला की खोलीतले सगळे खूश. चढलाच नाही आणि स्पीकरमधून लांब लांब बीप यायला लागली, तर स्टिक काढून तिच्या पिना शाळेतल्या खोडरबराने पुसायच्या. पुस्तकी सल्ला याच्या विरोधात आहे, सोन्याचा मुलामा झिजतो म्हणतात. पण कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत निम्मी ‘डेड’ मशीन या खोडरबराने उठवलेली आहेत, हे कुठलाही दुरुस्तीवाला सांगेल. स्थिर विजेसाठी मनगटाला बांधायचा पट्टा मात्र फार कमी जणांकडे दिसला. लोखंडी कॅबिनेटला हात लावला की झालं, अशी रीत.

ऑगस्ट १९९५मध्ये विंडोज ९५ आलं. खोक्यावर किमान चार एमबी लिहिलं होतं. चार एमबीवर ते सुरू व्हायचं हे खरं, पण त्याच्यावर काम करायचं ते धीराच्या माणसाने. आठ तर हवीतच, सोळा असली तर उत्तम. पुढच्याच वर्षी जगात मेमरीचं उत्पादन मागणीच्या फार पुढे गेलं, भाव कोसळले आणि सोळा एमबी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. तोवर बहात्तर पिनांच्या स्टिक रुळल्या होत्या. ४८६ला त्यातली एक पुरायची, पेंटियमला जोडी लागायची.

आणि इथेच जुन्या मशीनमध्ये रॅम टाकणाऱ्यांना पहिला खरा चकवा मिळाला. १९९७च्या सुमाराला पेंटियमसाठी इंटेलचा ४३०टीएक्स हा चिपसेट, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणारा चिपचा संच, आला. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या मशीनमध्ये तो भरपूर खपला. त्यावर २५६ एमबीपर्यंत रॅम बसते, पण बोर्डावरची कॅश, म्हणजे छोटी वेगवान मेमरी, फक्त पहिल्या ६४ एमबीची दखल घेते. विंडोज ९५ आणि ९८ मेमरी वरच्या टोकाकडून वापरायला सुरुवात करतात. त्यामुळे कुणी हौसेने १२८ एमबी टाकली, की खुद्द विंडोजच कॅशबाहेरच्या भागात जाऊन बसायचं आणि मशीन पहिल्यापेक्षा हळू व्हायचं. पैसे मोजून वेग कमी करून घेतल्यावर गिऱ्हाइक दुकानदारावर चिडणारच. रॅम नकली दिली, असाच आरोप व्हायचा. दुकानदाराची चूक नसायची, आणि तेही त्याला गिऱ्हाइकाला पटवून देता यायचं नाही.

दुसरा चकवा याहून मजेदार. १९९८ला ४४०बीएक्स हा चिपसेट आला. फार गुणी, वर्षानुवर्षं चालला. काही वर्षांनी १६८ पिनांची २५६ एमबीची एसडीरॅम स्वस्त झाल्यावर लोकांनी ती आणून त्यात लावली, तर मशीन १२८च दाखवायचं. कारण चिपच्या क्षमतेत. बीएक्सला १२८ मेगाबिटपर्यंतच्या चिप कळतात. दोन्ही बाजू मिळून सोळा चिप असलेली २५६ची स्टिक त्याला पूर्ण दिसते. नवी, आठच चिपची, जास्त दाट स्टिक त्याला अर्धी दिसते किंवा दिसतच नाही. लेबलवर दोन्हीकडे तोच आकडा. तेव्हापासून जाणकार गिऱ्हाइक काउंटरवर स्टिक उलटसुलट करून चिप मोजायला लागलं. नवखे विक्रेते त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने बघायचे.

भावांचं नाटक मधल्या काळातही चालूच होतं. २१ सप्टेंबर १९९९च्या तैवानमधल्या भूकंपाने चिपचे कारखाने थांबले आणि दर पुन्हा उसळले. ही झाली निसर्गाची करणी. पण १९९९ ते २००२च्या दरम्यान मोठ्या उत्पादकांनी आपसांत संगनमत करून भाव ठरवल्याचं अमेरिकेच्या न्याय खात्याने पुढे आणलं. इन्फिनियनला १६ कोटी डॉलर, हायनिक्सला साडेअठरा कोटी आणि २००५मध्ये सॅमसंगला ३० कोटी डॉलर दंड झाला. ‘आज भाव चढेच आहेत हो’ असं म्हणणाऱ्या लॅमिंग्टन रोडवरच्या माणसाला आपण उगाच लबाड समजत होतो.

ऑक्टोबर २००१च्या विंडोज एक्सपीने १२८ एमबीची शिफारस केली. प्रत्यक्षात २५६शिवाय ते नीट चालत नसे. अनेक डीटीपीवाले मात्र जुन्या फॉन्टांसाठी ९८लाच चिकटून राहिले. त्यांच्यासाठी मर्यादा उलट्या बाजूने होती: ५१२ एमबीच्या वर गेलं की विंडोज ९८ अडखळायला लागतं. मेमरी स्वस्त, पण घेता येत नाही, अशी गंमत.

पुढे डीडीआर, डीडीआर२, डीडीआर३. दर पिढीत व्होल्टेज कमी (अडीच, १.८, मग १.५) आणि खाच वेगळ्या जागी, म्हणजे चुकीची स्टिक बसूच नये. यातून एक उलटा व्यवहार तयार झाला, जो अजून चालू आहे. कारखाने नव्या पिढीकडे वळले की जुनी रॅम दुर्मीळ होते आणि महागते. एक जीबी डीडीआरसाठी दोन जीबी डीडीआर३पेक्षा जास्त पैसे मागितले जायचे. जुन्या मशीनवर खर्च करताना माणूस इथे थांबायला हवा. बहुतेक जण थांबत नाहीत, कारण मशीन ओळखीचं झालेलं असतं.

आणि चिप मोजण्याचा धडा दहा वर्षांनी तसाच्या तसा परत आला. इंटेलच्या जी४१ चिपसेटचे बोर्ड सरकारी कचेऱ्यांपासून सायबर कॅफेपर्यंत सगळीकडे पोचले होते. त्यातल्या डीडीआर३ बोर्डावर चार जीबीची स्टिक चालते, पण सोळा चिपची. आठ चिपची लावली तर डिस्प्लेच येत नाही. याहून जुन्या जी३१ला तर एकूण चार जीबीवर पूर्णविराम. त्यावर ३२ बिटचं विंडोज असलं की चारपैकी सव्वातीनच हाती लागायची, कारण पत्त्यांच्या त्याच चार जीबीत ग्राफिक्स आणि बाकी उपकरणांनाही जागा द्यावी लागते.

मला विचाराल तर साधारण २०१२नंतर ‘रॅम टाका’ हा पहिला सल्ला राहायला नको होता. चार जीबी असलेल्या मशीनला आठ केल्याने जेवढा फरक पडतो, त्याहून कितीतरी जास्त जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावल्याने पडतो. लाखपटीची ती दरीच एसएसडी पुष्कळशी बुजवते. सवयीने लोक रॅमच मागत राहिले.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची मदत थांबली. विंडोज ११ची किमान अट चार जीबीचीच आहे, पण ते प्रोसेसरची पिढी आणि टीपीएम (सुरक्षेची चिप) विचारतं, आणि त्याला रॅम हे उत्तर नाही. त्याच सुमाराला एआयच्या सर्व्हरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे भाव पुन्हा उसळले. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०१२च्या आसपासचं एच६१ बोर्डाचं मशीन लिनक्सवर चालवायचं असेल, तर त्याला कार्यालयांच्या मोडीतून निघालेली डीडीआर३ शोधावी. आठ जीबीची घेत असाल तर इथेही सोळा चिपचीच. घरी आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवावा आणि लाल ओळी दिसल्या तर बदली करून घ्यावी. सेकंडहँड मालाला दुकानदार फार दिवसांची मुदत देत नाहीत.