गुपित न सांगता ओळख

कार्डावरची सोनेरी चकती आपण सर्वांनी पाहिली आहे. ती केवळ विद्युतसंपर्कासाठी असते; स्मृती असते तिच्याखालच्या सिलिकॉनच्या चिपमध्ये. या स्मृतीतली शिल्लक कोणीही वाढवू नये, यासाठी काय सोय असते?

साधा उपाय परवलीच्या आकड्याचा. एसएलई ४४४२ या चिपमध्ये २५६ बाइट स्मृती असते आणि ३ बाइटांचा परवलीचा आकडा. यंत्राने तो लागोपाठ तीनदा चुकीचा दिला, की स्मृतीत बदल करणे कायमचे बंद होते. पण हा आकडा संपर्कांतून उघडाच जातो. मध्येच तारा जोडून तो टिपता येतो.

म्हणून पुढच्या चिपांमध्ये गुपित सांगायचे नाही, ते ठाऊक असल्याचे फक्त दाखवायचे, अशी युक्ती आली. वर्गात ती करून पाहू. दोन मुलांना ७ हा आकडा गुपचूप सांगा. एकाने १२ म्हणावे, दुसऱ्याने मनात गुणून ८४ सांगावे. दर वेळी प्रश्न नवा, म्हणून उत्तरही नवे. जुने उत्तर ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. मात्र एखादी चलाख मुलगी ८४ला १२ने भागून ७ शोधेलच! चिपमधली आकडेमोड म्हणूनच सहज उलटवता न येणारी हवी.

ती आकडेमोड लपवून मात्र भागत नाही. क्रिप्टोमेमरी चिपांची पद्धत गुप्त होती. २०१० मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ती उलगडली आणि तिच्यातले कच्चे दुवे जाहीर केले. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, हे ऑग्युस्त केर्कहोफ्स यांनी १८८३ मध्येच लिहिले होते. आम्हांलाही हेच पटते: कुलूप सर्वांनी तपासावे, लपवावी ती फक्त किल्ली.