डोंगराच्या पोटात बर्फाचं मैदान

12 फेब्रुवारी 1994. नॉर्वेतल्या एका डोंगरउतारावर माणसं दाटीवाटीने उभी आहेत. थंडी हाडं गोठवणारी. वर, स्कीच्या उडीसाठी बांधलेल्या धावपट्टीच्या माथ्यावर स्टाइन ग्रुबेन उभा आहे आणि त्याच्या हातात पेटती ऑलिंपिक मशाल आहे. तो उतारावरून घसरत सुटतो, टोकाशी येऊन हवेत झेपावतो आणि मशाल विझू न देता खाली बर्फावर टेकतो. ही उडी खरं तर दुसरा मारणार होता. तो सरावात पडून जखमी झाला, म्हणून राखीव असलेल्या ग्रुबेनवर हे काम आलं.

ते चित्रीकरण आजही बघताना श्वास अडकतो. मग उताराच्या पायथ्याशी पसरलेलं गाव दिसतं आणि मनात प्रश्न येतो: एवढ्याशा गावात हे सगळं मावलं कसं?

गावाचं नाव लिलेहामर. वस्ती 25,000च्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावात एसटीचं स्टँड असतं, आठवडी बाजार भरतो, एखादं कॉलेज असतं. आणि इथे हिवाळी ऑलिंपिक! 67 देश, 1,700हून जास्त खेळाडू, सोळा दिवसांचा सोहळा. 1992चं ऑलिंपिक मागायला गेलेलं हे गाव हात हलवत परतलं होतं. 1988मध्ये ऑलिंपिक समितीच्या सोलच्या बैठकीत त्याने पुन्हा हात वर केला आणि 1994चा मान मिळवला. तयारीला उरली जेमतेम साडेपाच वर्षं.

आता नकाशा उघडा. नॉर्वेतलं सर्वांत मोठं तळं म्हणजे म्योसा. लांबट, एखाद्या नदीसारखं उत्तर-दक्षिण पसरलेलं. त्याच्या उत्तर टोकाला लिलेहामर. तिथून साधारण साठ किलोमीटर खाली, पूर्व काठावर हामार. पश्चिम काठावर योव्हिक. आणि लिलेहामरच्या वर, दरीतून पन्नासेक किलोमीटर गेलं की क्विटफ्येलचा उभा डोंगर. एका गावाला पेलणार नाही ते ओझं या सगळ्यांनी मिळून उचललं. वेगाचं स्केटिंग हामारला, आइस हॉकीचे बरेच सामने योव्हिकला, उतारावरून वाऱ्याच्या वेगाने सुटणाऱ्या स्कीच्या शर्यती क्विटफ्येलला. मोठ्या घरातलं लग्न आठवा. वरात एका दारी, पंगत शेजारच्या वाड्यात, पाहुण्यांची अंथरुणं गल्लीभर. कार्य मात्र एकाच घरचं. इथेही तसंच, फक्त ही गल्ली शंभर किलोमीटर लांब होती आणि तिच्यातून आगगाडी धावत होती.

यातलं योव्हिक तर विलक्षणच.

गाव छोटं, मोकळी जागा थोडी, आणि हजारो प्रेक्षक बसतील असं बर्फाचं बंदिस्त मैदान हवं होतं. कुठे बांधणार? योव्हिककरांनी गावालगतच्या डोंगराकडे पाहिलं. त्याच्या पोटात त्यांनी आधीच पोहण्याचा तलाव केलेला होता! मग हॉकीचं मैदानही तिथेच का नको? खडक फोडायला सुरुवात झाली. सुमारे 1,40,000 घनमीटर खडक बाहेर काढला गेला. एका ट्रकमध्ये दहा घनमीटर धरले तरी चौदा हजार खेपा झाल्या, आणि फुटलेला खडक जास्त जागा खातो, म्हणजे खरा आकडा याहून मोठाच. आतली पोकळी किती? 91 मीटर लांब, 25 मीटर उंच, म्हणजे आठ मजली इमारत सहज उभी राहील. आणि रुंदी 61 मीटर. क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या टोकाला टोक लावून मांडल्या की होतं तेवढं अंतर. त्यावर सगळं छत खडकाचं, आणि मधे एकही खांब नाही.

वेरूळ पाहिलेल्या मराठी माणसाला खडक कोरण्याचं नवल कोणी सांगायला नको. पण तिथल्या प्रशस्त दालनांत छताला टेकू देणारे खांब कोरताना राखून ठेवलेले आहेत. इथे ते नाहीत. वर पंचवीस ते पन्नास मीटर जाडीचा डोंगर, आणि तोही अखंड नव्हे, भेगाभेगांचा! मग तो खाली का येत नाही?

घरातल्या फळीवरची दहाबारा पुस्तकं घ्या. दोन टोकांच्या पुस्तकांवर तळवे ठेवून आतल्या बाजूला घट्ट दाबा आणि सगळी ओळ उचला. मधल्या पुस्तकांना खालून कशाचाच आधार नाही, तरी ती पडत नाहीत. हात सैल करा, धाडकन खाली येतील. योव्हिकच्या खडकाचं अगदी असंच आहे. तिथल्या जमिनीत आडवा दाब आहे, आणि तो वरच्या डोंगराच्या वजनाने येणाऱ्या उभ्या दाबाच्या कित्येक पट जास्त. भेगांनी वेगळे झालेले खडकाचे तुकडे जणू दोन अदृश्य तळव्यांमध्ये आवळलेले. छत जितकं रुंद कराल तितकं ते धोक्याचं, असं आपल्याला वाटतं. इथे भूगर्भानेच त्याला दोन्हीकडून धरून ठेवलं होतं!

अर्थात अभियंत्यांनी नुसता विश्वास ठेवला नाही. खडकाची प्रत भेगाभेगांनिशी मोजली. छतात पोलादी गजांचे लांब खिळे ठोकले, वर पोलादी तंतू मिसळलेल्या काँक्रीटचा फवारा मारला, आणि खणता खणता छत किती खाली सरकतंय ते सतत मोजत राहिले. किती सरकलं असेल? सात-आठ मिलिमीटर. आपल्या करंगळीच्या रुंदीपेक्षाही कमी! शिवाय खडकाच्या पोटात उन्हाळा-हिवाळा जवळपास सारखाच, त्यामुळे बाहेर उणे वीस असलं तरी आतली हवा उबदार करायला फार ऊर्जा लागत नाही. पाच हजारांवर प्रेक्षक त्या गुहेत बसून हॉकी बघत होते, तेव्हा त्यांच्या डोक्यावर जंगल होतं.

तळ्याच्या दुसऱ्या काठी, हामारमध्ये, माणसांनी जमिनीवर गलबत उपडं घातलं. खरंच, त्या सभागृहाचं छप्पर पालथ्या घातलेल्या व्हायकिंग जहाजासारखं दिसतं. आत लाकडाच्या फळ्या चिकटवून केलेल्या प्रचंड कमानी आहेत, सर्वांत मोठीचा पल्ला जवळपास 96 मीटर. शेजारीच पक्ष्यांची राखीव पाणथळ जागा आहे. तिच्यासाठी माणसं आग्रहाने भांडली आणि त्यामुळे इमारतीचा आराखडा बदलावा लागला, हे मला त्या कमानींइतकंच महत्त्वाचं वाटतं. या छपराखाली वारा नाही, पडणारं बर्फ नाही, आणि बर्फाची लादी आरशासारखी. नॉर्वेच्या योहान ओलाव कोसने तिथे तीन शर्यती जिंकल्या आणि तिन्हींत जागतिक विक्रम केले. 10,000 मीटरचा जुना विक्रम, तोही त्याचाच, त्याने जवळपास तेरा सेकंदांनी मोडला. सेकंदाच्या शंभराव्या भागावर हारजीत ठरणाऱ्या खेळात तेरा सेकंद!

इमारती झाल्या. पण माणसं? गावाच्या कित्येक पट माणसं सांभाळायची कशी?

पंढरपूरची वस्ती लाखभर आणि आषाढीला तिथे कित्येक लाख येतात. ते गाव एका वर्षात हे शिकलं का? पिढ्यान्पिढ्यांची सवय आहे ती. लिलेहामरचीही एक वारी आहे, म्हणायला हरकत नाही. 1206मध्ये, यादवीच्या धामधुमीत, दोन योद्ध्यांनी राजघराण्यातल्या हॉकोन नावाच्या तान्ह्या मुलाला स्कीवरून, भर हिवाळ्यात, इथल्या डोंगरांपलीकडे सुखरूप नेलं. पुढे तो नॉर्वेचा राजा झाला. त्याची आठवण म्हणून 1932पासून रेना ते लिलेहामर अशी 54 किलोमीटरची स्कीची शर्यत होते. प्रत्येकाच्या पाठीवर साडेतीन किलोचं ओझं हवंच, कारण ते त्या बाळाचं वजन! हजारो माणसं बर्फातून येणार, त्यांना गरम खाणं-पिणं द्यायचं, रस्ते मोकळे ठेवायचे, कोणी गारठलं तर सावरायचं, हे सगळं या भागाच्या अंगवळणी पडलेलं होतं. ऑलिंपिकला नऊ हजारांच्या आसपास स्वयंसेवक उभे राहिले. गाड्या लांब थांबवून लोकांना आगगाडीने आणि बसने आणलं गेलं. पुष्कळांनी तर जंगलातच बर्फात तंबू ठोकून शेकोट्या पेटवल्या.

22 फेब्रुवारीला चार जणांच्या स्की-रिलेला मैदानात आणि झाडांमध्ये मिळून लाखभर माणसं होती. घरच्या संघाचा विजय बघायला आलेली. चाळीस किलोमीटर अंतर तोडून इटली आणि नॉर्वे शेवटच्या वळणावर जवळजवळ एकत्र आले, आणि इटली 0.4 सेकंदाने जिंकली. इटलीकडून पहिला टप्पा पळालेला माउरिलियो दे झोल्ट तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता.

पाहुणे गेल्यावर काय? हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण ओसाड पडलेली क्रीडासंकुलं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. लिलेहामरलाही सगळं साधलं नाही. पर्यटकांचा लोंढा येईल म्हणून वाढवलेली काही हॉटेलं पुढे बुडाली. बहुतेक खर्च देशाच्या तिजोरीतून झाला होता, गावाला तो झेपलाच नसता. पण पत्रकार आणि वाहिन्यांसाठी उभारलेल्या केंद्रात महाविद्यालय आलं. योव्हिकच्या गुहेत बर्फ राहिलं. उडीच्या धावपट्ट्या, स्कीच्या वाटा, हामारचं उपडं गलबत, सगळं वापरात राहिलं.

म्हणूनच 2016मध्ये युवा हिवाळी ऑलिंपिक लिलेहामरला आलं, तेव्हा बहुतेक मैदानं तयारच होती. पंधरा ते अठरा वर्षांची अकराशे मुलंमुली तिथे खेळली. त्यांच्यातलं कोणीही 1994मध्ये जन्मलेलं नव्हतं. उद्घाटन त्याच उतारावर झालं. 1994ची ज्योत युवराज हॉकोनने पेटवली होती. बावीस वर्षांनी मशाल हातात घेऊन पुढे आली ती त्याची बारा वर्षांची मुलगी, इंग्रिड अलेक्झांड्रा.