कोल्हापूरला चित्रे कशी बघितली



आपल्या शाळेची सहल कोल्हापूरला जाऊन आली. अंबाबाईचे दर्शन, रंकाळ्यावरची भेळ आणि एस. टी.त कोणाकोणाला उलटी झाली हे सहावीच्या मुलांनी शेजारच्या कागदावर लिहिलेच आहे. मी फक्त चित्रांविषयी लिहिणार आहे. त्याला कारण आहे. सहलीच्या आधी पालकसभेत एका काकांनी विचारले होते, "देवदर्शन ठीक हाय गुरुजी, पण चित्रं बघाय पोरास्नी कोल्हापूरला कशाला न्यायचं? चित्रं क्यालेंडरवर बी असत्यात की!" सगळे हसले. मीही हसले. गुरुजी म्हणाले, "बघून आल्यावर पोरंच सांगतील." आणि सांगायचे काम माझ्या गळ्यात पडले.

आधी माझ्या मामांविषयी सांगितले पाहिजे. त्यांना तुम्ही सगळे ओळखता. दूध संस्थेचा जुना बोर्ड, गिरणीवरची अक्षरे, आपल्या व्हरांड्यातली बाराखडी आणि भारताचा नकाशा हे सगळे त्यांनीच रंगवलेले. गावात त्यांना अजून 'पेंटर' म्हणूनच हाक मारतात. पण माझ्या जन्माच्या आधीच फ्लेक्स आला. तो तासाभरात छापून मिळतो आणि स्वस्त पडतो. मामांचे काम कमी कमी होत बंदच झाले. आता ते हंगामात गुऱ्हाळावर जातात. ब्रशांचा पत्र्याचा डबा माळ्यावर टाकलेला आहे. आई म्हणते, त्यांच्यापुढे तो विषय काढायचा नाही. सहलीबरोबर मोठी माणसे हवी होती आणि गुऱ्हाळ चार दिवस बंद होते, म्हणून मामा आले. चित्रे बघायला म्हणून ते आलेच नव्हते.

कोल्हापूरचे सरकारी वस्तुसंग्रहालय टाऊन हॉलच्या इमारतीत आहे. भाऊसिंगजी रोडवर, सी. पी. आर. दवाखान्याजवळ. ही इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली. चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज माणसाने तिचा आराखडा केला. नवा राजवाडाही त्याचाच. पुढे १९४५-४६ साली पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदकाम झाले आणि जमिनीखाली जुने गाव सापडले. त्या वस्तू ठेवण्यासाठी संग्रहालय निघाले आणि १९४९ साली ते टाऊन हॉलमध्ये आले. भोवती बाग आहे आणि झाडे खूप उंच आहेत.

ब्रह्मपुरीला सापडलेली एक ब्राँझची मूर्ती तिथे आहे. वीतभरसुद्धा नाही. ती ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची आहे, त्याचे नाव पोसायडन. आपल्या कोल्हापूरला समुद्र नाही, मग समुद्राचा देव कसा आला? तर सातवाहनांच्या काळी, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, रोमचे व्यापारी गलबतांतून कोकणच्या बंदरांवर येत. तिथून माल घाट चढून वर येई. त्या मालाबरोबर हा देवही वर आला. वर्गातल्या एकाने विचारले, "ह्याला नारळ फोडत असतील का?" गुरुजींनाही हसू आवरले नाही.

गुरुजींनी सांगितले होते, दहा वस्तूंची नावे वहीत लिहून आणा. मी पंधरा मिनिटांत तेवीस लिहिली! तलवारी, बंदुका, नाणी, हस्तिदंती काम, चित्रे, सगळ्यांच्या पाट्या भराभर उतरवून घेतल्या आणि वही दाखवायला बाहेर धावले. मामा आत आलेच नव्हते. "तुमी या बघून, मी बसतो हितं झाडाखाली," असे म्हणून ते बागेत बसले होते.

मामांनी वही वाचली. एका नावावर बोट ठेवले. आबालाल रहिमान, निसर्गचित्र.

"ह्यात काय हाय?"

"निसर्ग," मी म्हणाले.

"कसला निसर्ग? पाणी हाय का त्यात? सकाळ हाय का सांज?"

मला काहीच सांगता येईना. मी पाटी वाचली होती, चित्र बघितलेच नव्हते. मामा माझ्याकडे बघत राहिले, मग उठले आणि म्हणाले, "चल."

आबालाल रहिमान हे कोल्हापूरचे मोठे चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले. मोठ्या शहरात नाव काढायचे सोडून ते कोल्हापूरला परत आले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. महाराज १९२२ साली गेले आणि आबालाल १९३१ साली. रंकाळा, कोटितीर्थ, नदीचा काठ, असे आपल्या रोजच्या बघण्यातले ठिकाण ते पुन्हा पुन्हा रंगवत. त्यातल्या काही जागा आता तशा राहिलेल्या नाहीत. वरुणतीर्थ तळ्याच्या जागी आज गांधी मैदान आहे. अशा वेळी जुने पाणी बघायचे तर चित्रातच बघावे लागते.

मामा त्या चित्रापुढे उभे राहिले, मग चार पावले मागे गेले. आम्हालाही मागे ओढले. "लांबनं बघा आदी. आता सांगा, उजेड कुठनं येतोय?" आम्ही डावीकडे हात केला. "आता जवळ या. पर हात मागं बांधा. ह्यो पाण्यावरचा पांढरा रंग कशानं लावलाय?" कोणी म्हणाले चुन्याने, कोणी म्हणाले पोस्टर कलरने. मामा म्हणाले, "लावलाच न्हाई! त्यो कागद हाय."

हे मला फार नवल वाटले, म्हणून नीट समजावून सांगते. जलरंग म्हणजे पाण्यात कालवलेला रंग. तो पातळ असतो आणि त्याच्यातून खालचा कागद दिसतो. म्हणून जलरंगात आधी फिकट रंग लावतात आणि मग गडद. जिथे पांढरे हवे तिथे कागद कोराच ठेवतात. म्हणजे चित्रकाराला ब्रश बुडवायच्या आधीच ठरवावे लागते, की पाण्यावर ऊन कुठे चमकणार. एकदा तिथे रंग गेला की मागचा पांढरा परत येत नाही. आपण रंगपेटीतला पांढरा रंग सगळ्यात आधी संपवतो ना, त्याचे हे उलटेच आहे.

तैलरंगाचे तसे नाही. त्यात रंगाची पूड जवसाच्या तेलात खललेली असते. तो हळूहळू वाळतो, कधी कधी आठवडे लागतात. त्यामुळे चूक झाली तर पुसता येते किंवा वरून दुसरा हात देता येतो. गडद रंग आधी दिला तरी त्यावर फिकट रंग बसतो. तैलचित्र समोरून चमकते आणि काही दिसत नाही. तेव्हा जरा बाजूला सरकायचे, की चकाकी जाते. हेही मामांनीच दाखवले. तोपर्यंत आमच्याभोवती दहा-बारा पोरे जमली होती आणि गुरुजीही मागे उभे राहून ऐकत होते.

मग बाबूराव पेंटरांचे चित्र आले. बाबूरावांचे खरे आडनाव मेस्त्री. १८९० साली जन्म, १९५४ साली मृत्यू. आपले चुलतबंधू आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्या कामामुळे त्यांना 'पेंटर' म्हणू लागले आणि तेच आडनाव झाले. पुढे त्यांनी स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट केला. व्ही. शांताराम, दामले आणि फत्तेलाल हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. सिनेमांची जाहिरातीची चित्रेही ते रंगवत. एवढा मोठा माणूस, पण नावात शेवटपर्यंत पेंटरच.

गुरुजी हे सांगत होते तेव्हा मी मामांकडे बघितले. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. तिथले पहारेकरी म्हणाले, "पाव्हणं, पायतान असलं तरी चालतंय हितं." मामा म्हणाले, "असू द्या." आणि अनवाणीच उभे राहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग खाली वाकून त्यांनी चित्राचा कोपरा बघितला आणि मला म्हणाले, "हितं बघ, ब्रश उचललेला दिसतोय." खरेच दिसत होता. रंगाच्या टोकाला केसांएवढ्या रेघा होत्या.

तेव्हा मला काकांच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. घरी आल्यावर मी शाळेतल्या विज्ञान पेटीतले भिंग घेतले आणि क्यालेंडरवरच्या लक्ष्मीकडे बघितले. ते चित्र म्हणजे नुसते बारीक बारीक ठिपके आहेत, निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे. फ्लेक्सही तसाच. लांबून हात, डोळे, साडी दिसते आणि जवळ गेले की माणूस नाहीसा होतो, ठिपके उरतात. टाऊन हॉलमधल्या चित्राजवळ गेले की रंगवणाऱ्याचा हात दिसतो. कुठे घाई केली, कुठे थांबला, कुठे पुन्हा रंग दिला ते कळते. ज्यांना खोटे वाटत असेल त्यांनी मधल्या सुट्टीत माझ्याकडून भिंग घेऊन बघावे. काकांनीही बघावे.

हात मागे का बांधायचे, तेही सांगते. आपल्या हाताला घाम आणि तेल असते. एकाने बोट लावले तर काही दिसत नाही, पण रोज शंभर पोरांनी लावले तर तो भाग काळा पडतो. उन्हानेही रंग उडतो. मामा म्हणतात, पश्चिमेला तोंड केलेला बोर्ड आधी विटतो आणि त्यात लाल रंग सगळ्यात आधी जातो. म्हणून चित्रांवर थेट ऊन पडू देत नाहीत. आपल्याला खोली अंधारी वाटते, पण त्यात चित्राचा जीव असतो.

दुपारी डबे खाऊन आम्ही के. एम. टी.च्या बसने राजारामपुरीत गेलो. तिथे चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. हे नाव ऐकल्यावर आमच्याबरोबर आलेल्या दोघी काकूंचे चेहरे एकदम खुलले, कारण चंद्रकांत म्हणजे सिनेमातले नट! १९५२ सालच्या 'छत्रपती शिवाजी' या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटात तेच शिवाजी महाराज झाले होते. १९५९ सालच्या 'सांगत्ये ऐका' मध्येही ते आहेत. नट सूर्यकांत हे त्यांचे धाकटे भाऊ. माझ्या आजीने त्यांचे सिनेमे तंबूत बसून बघितले आहेत. पण ते बाबूराव पेंटरांचे शिष्य आणि चित्रकार होते हे आजीलाही माहीत नव्हते. १९१३ साली जन्मलेले चंद्रकांत २००१ साली वारले. आपले राहते घर आणि आपली चित्रे त्यांनी सरकारला देऊन टाकली, म्हणून त्या घराचेच संग्रहालय झाले. घरच असल्यामुळे तिथे कोणाकडे तरी पाहुणे गेल्यासारखे वाटते आणि आपोआप हळू बोलले जाते.

त्यांची पावडर शेडिंगची चित्रे प्रसिद्ध आहेत. यात पाणी नाही, तेल नाही. कोरडी पूड कागदावर घासून उजेड आणि सावली काढायची. धुके, लांबचे डोंगर, ढग यांना कडा नसतात, ते या पद्धतीने फार छान येतात. असे चित्र काचेआड ठेवावे लागते, कारण नुसता हात फिरला तरी पुसून जाईल. आम्ही शाळेत करून बघितले. कंदिलाच्या काचेवरची काजळी कापसाने कागदावर चोळली आणि खोडरबराने चंद्र काढला. चंद्र बरा आला. शर्टांचे काय झाले ते आयांना विचारा!

इथे मात्र मामा आमच्यापेक्षा पुढे पुढे चालत होते. एका चित्रापुढे ते किती वेळ उभे होते ते मी मोजले नाही, पण बस चुकते की काय म्हणून गुरुजींना हाक मारावी लागली.

ज्यांना जायचे असेल त्यांनी सोमवार सोडून जावे, त्या दिवशी टाऊन हॉलचे संग्रहालय बंद असते. आणि सगळे बघायला जाऊ नये. दोन किंवा तीन चित्रे निवडावीत. आधी लांबून, मग जवळून, मग पुन्हा लांबून बघावीत. पाटी शेवटी वाचावी. माझ्या वहीतल्या तेवीस नावांपैकी वीस मी आता विसरले आहे.

परत येताना एस. टी.त मामा खिडकीशी बसले होते. कागल गेले तरी बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या त्या भित्तिपत्रकाचं नाव कोण लिवतंय?" मी म्हणाले, "आम्हीच. स्केचपेननं." ते म्हणाले, "वाकडं असतंय ते."

दुसऱ्या दिवशी आईने शिडी लावून डबा खाली काढला. दोन ब्रश कडक झाले होते, ते टर्पेंटाइनमध्ये रात्रभर भिजत ठेवले. बाकीचे चांगले निघाले. या भित्तिपत्रकाच्या वरची निळी अक्षरे आणि त्यांची लाल सावली मामांनी काल संध्याकाळी शाळा सुटल्यावर रंगवली आहे. आधी खडूचा दोरा मारून रेघ आखली, ती अजून थोडी दिसते. खालच्या बाजूचा रंग वाळलेला नाही, तरी कृपा करून कोणी हात लावू नये.

(इयत्ता सातवी)